प्रयोगशाळा आणि शिवार : डॉ. कमल रणदिवे यांचा वारसा

जुन्नर तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगररांग ओलांडली की अकोले तालुका लागतो. रांगेच्या अलीकडे, कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर, नारायणगाव परिसरात द्राक्षे व टोमॅटो पिकतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील मंचरची बाजारपेठ कांद्या-बटाट्याने गजबजलेली असते. याच दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगास, माळशेज घाट आणि भीमाशंकर यांच्या बाजूस, भातखाचरे व हिरडा यांवर गुजराण करणारी महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. रांगेच्या पलीकडे अकोल्यातही तोच समाज, तीच भातखाचरे आणि तेच दारिद्र्य आढळते. मुंबईच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करण्यात हयात घालविलेली एक शास्त्रज्ञ स्त्री निवृत्तीनंतर या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागली. तिचे नाव डॉ. कमल रणदिवे. स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन आणि आदिवासी मुलांचे पोषण या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते, आणि ते उत्तर आज जुन्नर-आंबेगावच्या बागाईत पट्ट्यालाही लागू पडणारे आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलींनी शिकावे, आणि चांगले शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलींच्या शिक्षणासाठी पुण्याने १८८४ साली उभ्या केलेल्या हुजूरपागा शाळेत कमलचे शिक्षण झाले. त्यानंतर फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांत त्यांनी उत्तम यश मिळविले. मुलीने वैद्यकाकडे जावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. त्या काळी मध्यमवर्गीय घरात वडिलांची इच्छा मोडणे ही सामान्य बाब नव्हती. परंतु मुलीला विचार करावयास शिकविणाऱ्या घराने तिचा स्वतंत्र निर्णयही मानला, हे या कुटुंबाचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

१९३९ च्या मे महिन्यात गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशीरचना व गुणसूत्रे. संसार सांभाळून पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या पत्नीस तिच्या विषयात साहाय्य करणारा पती लाभणे हेही त्या काळी विरळाच होते. सीताफळाच्या पेशींकडून माणसाच्या पेशींकडे वळणे वरवर पाहता दूरचे वाटते. परंतु पेशी विभागते कशी, आणि ते विभागणे नियमाबाहेर केव्हा जाते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

मुंबईस आल्यावर त्यांना टाटा मेमोरियल रुग्णालयात कामाची संधी मिळाली. हे रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले होते आणि त्याच्या विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया खानोलकरांनी घातला. कोणत्या समाजात, कोणत्या सवयींमुळे, कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक होतो, हा त्यांच्या विचाराचा मुख्य धागा होता. पाश्चात्त्य ग्रंथांतील रोग आपल्याकडे तसाच असेल, हे ते गृहीत धरीत नसत. हा संस्कार त्यांच्या विद्यार्थिनीने आयुष्यभर जपला.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवेबाईंनी डॉक्टरेटसाठी स्तनाच्या कर्करोगाचा विषय घेतला. स्तनाच्या कर्करोगास कमी-अधिक प्रमाणात बळी पडणारे उंदरांचे चार वाण त्यांनी निवडले आणि रोग होण्यापूर्वीच्या, निरोगी अवस्थेतील स्तनग्रंथींची रचना त्यांत कशी वेगवेगळी असते, हे सूक्ष्मपणे तपासले. या कामातील कल्पना साधी, परंतु मोलाची होती. रोगाची गाठ तपासून रोगाचे वर्णन करता येते. रोग का होतो हे जाणावयाचे असेल तर गाठ होण्याआधीच्या शरीराकडे पाहावे लागते. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

या कामाचे महत्त्व कळावयास त्या वेळचे शास्त्र कोठे उभे होते हे पाहिले पाहिजे. स्तनाचा कर्करोग आणि शरीरातील संप्रेरके यांचा संबंध १८९६ मध्येच उघड झाला होता. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीचे बीजकोश काढून टाकले असता गाठी आटल्याचे प्रसिद्ध केले. बीजकोशांतून स्रवणारे द्रव्य कोणते, हे तेव्हा अज्ञात होते. पुढे त्या द्रव्यास इस्ट्रोजेन हे नाव मिळाले. १९३२ मध्ये फ्रान्सचे आंत्वान लाकासाञ यांनी या संप्रेरकाची टोचणी देऊन नर उंदरांतही स्तनाचा कर्करोग निर्माण करून दाखविला. १९३६ मध्ये अमेरिकेचे जॉन बिटनर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली : उंदरांच्या काही वाणांत आईच्या दुधातून पिलांकडे असे काही जाते, की त्यामुळे ती पिले मोठी झाल्यावर रोगास बळी पडतात. ते काही म्हणजे एक विषाणू होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू असे तीन धागे अशा रीतीने हाती आले होते. परंतु ते एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे स्पष्ट व्हावयाचे होते. रोगास बळी पडण्याची जन्मजात प्रवृत्ती आणि संप्रेरके व विषाणू यांची परस्परांवरील क्रिया यांचा संबंध ज्या संशोधकांनी प्रथम ओळखला, त्यांत डॉ. रणदिवे यांची गणना होते.

डॉक्टरेटनंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र म्हणजे ऊतीसंवर्धन. आणि या तंत्राचे गाय हे जगातील अग्रगण्य जाणकार होते. मानवी कर्करोगाच्या पेशी भांड्यात अखंड वाढविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत झाला. रणदिवेबाईंना त्या वातावरणात पुढेही काम करता आले असते. त्या परत आल्या. परदेशी शिकावयास गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनी परत येऊन मिळविलेले ज्ञान आपल्या समाजाच्या उपयोगी आणावे, असा आग्रह त्यांनी पुढे सतत धरला. तो आग्रह त्यांनी आधी स्वतःच्या बाबतीत पाळला होता, म्हणूनच त्यास वजन होते.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे रणदिवेबाईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि तिच्यात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा आकारास आली. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात उपकरणे, रसायने, प्रयोगाचे प्राणी, सर्वच दुर्मीळ होते. तरुण जीवशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ त्यांनी गोळा केले, त्यांना शिकविले. कर्करोगाची निर्मिती, पेशीजीवशास्त्र व रोगप्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग उभे केले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. महारोगाच्या जंतूवरील कामातही त्यांच्या पेशीसंवर्धनाच्या अनुभवाचा उपयोग झाला. महारोग्याच्या ऊतींतून या केंद्रात वाढविलेल्या जंतूपासून पुढे एक प्रतिबंधक लस तयार करण्यात आली. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

ऊतीसंवर्धनाच्या या तंत्राने स्तनाच्या कर्करोगाच्या प्रश्नाला जगभर जे वळण दिले, ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण प्रयोगशाळेचा प्रश्न शिवारात येऊन पोहोचतो तो याच वाटेने. १९७० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एका रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी भांड्यात वाढविण्यात यश आले. एमसीएफ-७ या नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. या पेशी इस्ट्रोजेन मिळताच वाढतात. बीटसनने रुग्णाच्या शरीरात जे पाहिले, ते आता काचेच्या भांड्यात, मापून, पुनःपुन्हा पाहता येऊ लागले.

संप्रेरक अत्यल्प मात्रेत मोठा परिणाम घडविते, हे नारायणगावच्या द्राक्ष बागाईतदारास वेगळे सांगावयास नको. घड संजीवकाच्या द्रावणात बुडविले की मणी फुगतो, हे तो दर हंगामात पाहतो. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन तयार होते ते एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साह्याने. या विकराचे नाव अरोमॅटेज. पुरुषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संप्रेरकांचे रूपांतर ते इस्ट्रोजेनमध्ये करते. मासिक पाळी थांबल्यानंतर बीजकोश इस्ट्रोजेन बनविणे जवळपास थांबवितात. परंतु शरीरातील चरबीत, आणि पुष्कळदा गाठीच्या आसपासच्या ऊतीतही, अरोमॅटेज आपले काम करीतच राहते. म्हणजे गाठीला लागणारे खाद्य तिच्या शेजारीच शिजत असते.

हे लक्षात आल्यावर औषधशास्त्राने दोन मार्ग धरले. एक, इस्ट्रोजेनला पेशीच्या दाराशीच अडविणे. १९७० च्या दशकात वापरात आलेले टॅमॉक्सिफेन हे असे औषध. दुसरा, इस्ट्रोजेन बनविणारे विकरच बंद पाडणे. अमेरिकेत काम करणाऱ्या अँजेला ब्रॉडी यांनी या दुसऱ्या मार्गाचा पाया घातला आणि १९९० च्या दशकात अ‍ॅनास्ट्रोझोल व लेट्रोझोल ही औषधे रुग्णांना मिळू लागली. अरोमॅटेजच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. या दोन्ही औषधांच्या रेणूत ट्रायझोल नावाचे पाच अणूंचे एक कडे असते. त्यातील तीन अणू नत्राचे. त्यांपैकी एक नत्र त्या लोहाला जाऊन चिकटतो आणि विकराचे काम थांबते.

येथे एक गोष्ट थबकून पाहण्यासारखी आहे. द्राक्षावर भुरी पडली की ज्या औषधांची फवारणी होते, त्यांतील हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल यांसारखी बुरशीनाशके याच ट्रायझोल कुळातील आहेत. बुरशीच्या पेशीत अरोमॅटेजच्या नात्यातील एक विकर असते. त्याच्या लोहाला हेच कडे चिकटते आणि बुरशी मरते. मानवी विकरे त्याच मोठ्या घराण्यातील असल्याने, या व याच्या जवळच्या कुळांतील काही बुरशीनाशके प्रयोगशाळेत मानवी अरोमॅटेजलाही रोखतात, असे आढळून आले आहे. अर्थात कर्करोगाच्या औषधांच्या तुलनेने त्यांचा जोर फारच कमी असतो. उलट दिशेचेही उदाहरण आहे. मक्यातील तण मारण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅट्राझीन मानवी अधिवृक्क ग्रंथीच्या एका जातीच्या पेशींत अरोमॅटेजचे काम वाढविते. मात्र प्रत्येक जातीच्या पेशीत तसे घडतेच असे नाही. म्हणजे माणसाने बनविलेली रासायनिक द्रव्ये संप्रेरक बनविणाऱ्या विकरांना कधी थोपवितात, कधी चेतवितात. एकच रेणुरचना रुग्णालयात औषध असते आणि बागेत विष असते. फरक मात्रेचा, शरीराचा आणि वेळेचा असतो.

यावरून फवारणीमुळे कर्करोग होतो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. भांड्यातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. पेशीवर दिसलेला परिणाम शरीरात दिसेलच असे नाही. दिसला तरी त्यापासून रोगच होईल असेही नाही. स्तनाच्या कर्करोगाची कारणे अनेक आहेत : आनुवंशिकता, पाळी सुरू होण्याचे व थांबण्याचे वय, बाळंतपणे, स्तनपान, स्थूलता, मद्य. डॉ. रणदिवे यांच्या सर्व कामाचे सारच हे होते, की एका कारणाकडे बोट दाखवून रोग उलगडत नाही. तथापि प्रश्न सिद्ध झालेला नाही, म्हणून तो विचारूच नये, हे शास्त्राचे उत्तर होऊ शकत नाही. प्रश्न जेथे उद्भवतो तेथे जाऊन तो तपासणे, हे शास्त्राचे उत्तर.

त्यांच्या उत्तरायुष्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. शिकलेल्या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतात, पण विवाह, मूल आणि बदलीच्या गावी निवारा नसणे या अडचणींनी तेथून गळतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून ही संघटना केवळ चर्चासत्रांपुरती राहिली नाही. नवी मुंबईत वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर अशा सोयी तिने उभ्या केल्या. शास्त्राला माणसे लागतात, आणि माणसांना जगण्याची सोय लागते, ही साधी गोष्ट त्यात होती.

निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याकडे वळल्या. आदिवासी मुलांच्या पोषणाची स्थिती त्यांनी अभ्यासली. शासकीय योजनांच्या साह्याने, स्त्री-शास्त्रज्ञ संघटनेच्या वतीने, ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे व आहाराचे शिक्षण दिले. त्यांच्यातूनच आरोग्यसेविका तयार केल्या. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात पाहिलेल्या स्त्रीला आता पाड्यावरील बाळाचे वजन महत्त्वाचे वाटू लागले, असे कोणी म्हणेल. वस्तुतः त्यांचे लक्ष बदललेलेच नव्हते. निरोगी शरीर रोगी होण्याआधी त्यात काय घडते, आईकडून मुलाकडे काय जाते, आणि आहारातून, परिसरातून शरीरात काय शिरते, हेच त्यांनी उंदरांच्या चार वाणांत शोधले होते आणि हेच त्यांनी अकोल्यातील झोपड्यांत शोधले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता डोंगराच्या अलीकडे, जुन्नर-आंबेगावकडे वळू. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातील कित्येक कुटुंबे भात निघाला की पूर्वेच्या बागाईत पट्ट्यात मजुरीस उतरतात. ज्या मुलांच्या कुपोषणाची चिंता रणदिवेबाईंनी वाहिली, त्यांच्यासारख्याच मुलांच्या आया द्राक्षाची विरळणी करतात, टोमॅटो खुडतात, नुकत्याच फवारलेल्या पानांतून हात घालतात. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या घडात औषधाचा किती अंश उरला आहे, हे तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली. कारण नापसंत झालेला माल परत येतो आणि नुकसान डोळ्यांना दिसते. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याच्या, किंवा घडाखाली दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईच्या, शरीरात किती अंश उरला, हे मोजण्याची निकड बाजाराला कधीच भासणार नाही. तो खर्च कोणाच्याच वहीत मांडला जात नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. ज्याच्या शरीरावर तो घडतो, त्याला मात्र तो बाह्य नसतो.

यातून बागाईतदारास दोषी ठरविण्याचे कारण नाही. भुरीने एका रात्रीत बाग हातची जाते आणि कर्ज मात्र राहते. फवारणी हा त्याचा शौक नव्हे. मागणी एवढीच आहे, की जे मोजता येते ते मोजले जावे. ग्रामीण भागात हे अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करुग्णांची नोंदणी सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतूनही रोगाची विश्वासार्ह मोजदाद होऊ शकते, हे देशाला प्रथम दिसले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत महाविद्यालये आहेत, ग्रामीण रुग्णालये आहेत, आशासेविका आहेत, शेतीशास्त्रावर काम करणारी केंद्रे आहेत. कोणत्या गावात कोणती औषधे किती फवारली जातात, कोण फवारते, कोण हातमोज्यांवाचून काम करते, कोणत्या स्त्रीला कोणत्या वयात कोणता आजार झाला, याची सलग नोंद दहा-वीस वर्षे ठेवली, तर प्रयोगशाळेतील पेशींनी विचारलेल्या प्रश्नाला शिवारातून उत्तर मिळू लागेल. उत्तर भीतीचे निघेल की दिलासा देणारे, हे आज सांगता येत नाही. न मोजण्याची किंमत मात्र आजही कोणीतरी देतच आहे.

थोरांची स्मृती जपण्याचे आपले मार्ग ठरलेले आहेत : जयंतीला हार, चौकाला नाव, पाठ्यपुस्तकात धडा. कमल रणदिवे यांच्या बाबतीत ते पुरे पडणारे नाहीत. त्यांनी रोगाची गाठ हाती येण्यापूर्वी निरोगी शरीराकडे पाहावयास शिकविले, आणि सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून डोंगरापलीकडच्या पाड्यावर जावयास त्या कचरल्या नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांसह एका गावाची अशी नोंदवही आज उघडली, तर अकोल्यातील त्यांचे काम डोंगराच्या अलीकडे पुढे चालू झाले असे म्हणता येईल.